टायर चांगला होता, तरी फुटला

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. मेकॅनिकल इंजिनियर. साताऱ्यात एका कारखान्यात क्वालिटीला आहे आणि माझं रोजचं काम म्हणजे कारण शोधणं. पार्ट तुटला की पाच वेळा ‘का’ विचारायचं, मुळाशी पोचायचं, फॉर्मवर कारण लिहून सही करायची. त्यामुळे भुतंखेतं, दृष्टांत असलं काही सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. हे लिहितोय ते मत बदललं म्हणून नाही... एक फॉर्म माझ्याकडून भरला जात नाही म्हणून.

अप्पांचं – म्हणजे वडिलांचं – कवठे महांकाळच्या अलीकडे, मिरज रोडला पंक्चरचं दुकान आहे. टायर काढायची लोखंडी सळई ट्रकच्या चाकावर मारतात आणि नुसत्या आवाजावरून हवा सांगतात. नंतर गेज लावून बघा, फरक निघत नाही. मोठा भाऊ, दादा, याच दुकानात बसून बारावी झाला आणि एअर फोर्सला भरती झाला. लढाऊ विमानांची चाकं आणि ब्रेक बघतो. हवाई तळ कुठला ते लिहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीला गावी होतो. दुपारचे अडीच. बेदाण्याचा एक नेहमीचा ट्रक आला होता आणि अप्पा त्याची मागची चाकं वाजवत होते. एका टायरवर सळई मारली आणि थांबले. परत मारली.

“ह्यो ह्या गाडीचा आवाज न्हाई,” म्हणाले.

“मग काय दुसऱ्याचं चाक लावून फिरतोय व्हय मी?” ड्रायव्हर म्हणाला.

अप्पांनी तिकडं लक्षच दिलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, “थोरल्याला फोन लाव. डावं चाक म्हणावं. टायराला काय झालं न्हाई, टायर चांगला हाय... तरी फुटतोय.”

“आवं अप्पा, चांगला असंल तर फुटंल कशाला?”

“ते मला न्हाई ठावं. तू फोन लाव.”

“लावा की इंजिनियर सायेब,” ड्रायव्हर म्हणाला, “अप्पा हितनं इमानाची हवा मोजाय लागल्यात.”

मीही हसलो. फोन कानाला धरला, थोडा वेळ तसाच उभा राहिलो आणि म्हणालो, “लागत न्हाई.”

खरं म्हणजे मी नंबर दाबलाच नव्हता. त्या ड्रायव्हरसमोर मला लाज वाटली.

 अप्पांनी त्या चाकाला गेज लावलं. हवा बरोबर होती. ट्रक गेला.

संध्याकाळी दादाचा फोन आला, तेव्हा त्याचा आवाज ओळखू येईना. सव्वातीनच्या सुमाराला एक विमान उतरत होतं. चाकं टेकली आणि डावा टायर फुटला. विमान डावीकडं ओढलं गेलं, धावपट्टी सोडून मातीत घुसलं, चाकाचा दांडा मोडला आणि विमानानं पेट घेतला. पायलटनं सीटसकट बाहेर उडी घेतली म्हणून जिवानिशी वाचला, पण पाठीला जबर मार लागला. आणि त्या चाकाची सकाळची तपासणी दादाची होती. सही दादाची.

चौकशी बसली. दादाला विमानावरून काढून कागदपत्रांच्या कामाला लावलं. मधे सुट्टीवर आला, तर ताटाकडं बघत बसायचा. “सगळं बघितलं हुतं रं मी,” म्हणायचा, “पण त्यो माणूस आता परत उडतोय का न्हाई कुणाला ठावं. माझंच काय ऱ्हायलं असंल का?”

“तुझा टायर चांगला हुता,” अप्पा शांतपणे म्हणाले. “त्याच दिवशी ह्याला सांगितलंय मी.”

दादानं माझ्याकडं बघितलं. मी भाकरी मोडत राहिलो.

काही महिन्यांनी निकाल लागला. कागद दाखवता येत नाहीत, पण दादानं तोंडी सांगितलं. धावपट्टीवर बोटाएवढा एक धातूचा तुकडा पडला होता, त्यानं टायर चिरला. टायरमध्ये दोष नव्हता, तपासणीत चूक नव्हती. म्हणजे टायर चांगला होता, तरी फुटला. अप्पांचं वाक्य, अक्षरन् अक्षर.

दादा परत विमानावर गेला. त्याला सोडायला मिरज स्टेशनला गेलो, तेव्हा त्या न लावलेल्या फोनचं मी त्याला सांगून टाकलं.  तो म्हणाला, “ड्यूटीवर फोन गेटवर जमा असतोय. लावला असतास तरी लागला नसता, गड्या.”

तो खरंच बोलत असेल. पण अडीचला मला ते माहीत नव्हतं.

अप्पांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं. “कानाला लागलं, बोललो,” एवढंच. आईला विचारलं, असं आधी कधी बोलले होते का? कधीच नाही, म्हणाली. योगायोग म्हणावा, तर डावं चाक कुठून आलं? आणि चांगला टायर फुटतोय, असं पंक्चरवाला कशाला म्हणेल? पहिल्याच ‘का’ला माझा फॉर्म अडकतो.

मी फोन का लावला नाही, याचे मात्र पाचही ‘का’ भरून झालेत. अप्पांनी त्याबद्दल आजवर मला एका शब्दानंही विचारलेलं नाही. दुकानात गेलो की सळई माझ्या हातात देतात आणि म्हणतात, “वाजव. काय ऐकू येतंय सांग.”

मला अजून नुसता टायरच ऐकू येतो.