विहीणबाईंची लाल वॉटरबॅग

माझ्या विहीणबाईंनी मला एकदा गुरासारखं खडकाला तोंड लावून पाणी प्यायला लावलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. आणि मी सकाळपासून तेच आठवून हसतेय.

मी चौथी शिकलेली, चुकलं तर सांभाळून घ्या. नात म्हणते, "आज्जी, शॉर्टमध्ये लिही." बघू.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझी सुनंदा आमच्या चामटोलीहून अंबरनाथला दिली. सासरे फॅक्टरीत ऑफिसर. घरात फ्रीज! आम्ही आपले भातशेतीवाले.

लग्नात विहीणबाईंना मानाची साडी दिली, उल्हासनगर कॅम्प चारच्या स्वस्त बाजारातून आणलेली. दुकानदार म्हणाला, "माई, कलर एकदम पक्का है."

पहिल्याच धुण्यात त्यांच्या घरातले सगळे पांढरे शर्ट गुलाबी.
ऑफिसरसाहेबांचे पण.

झालं! बोलणंच बंद. पोरीला पहिल्या दिवाळीला पाठवलं नाही, संक्रांतीला नाही. मी रोज एसटीच्या वेळेला दारात.

पण लग्न जमावं म्हणून मी नवस बोलले होते, जोडप्याला घेऊन खांडसवरून पायी भीमाशंकर. जावई म्हणाले, "माझी आई पण येईल."

मनात म्हटलं, पोरीला गुढीपाडव्याला तरी पाठवा, आज विचारायचंच.

खांडसपासून डोंगर सुरू. लेक-जावई टणाटण पुढे. मागे आम्ही दोघी. मी अनवाणी. त्या कॅनव्हासचे बूट घालून, खांद्याला जावयांची शाळेतली लाल वॉटरबॅग.

आता गंमत ऐका. दोघींना धाप लागलेली, पण बसूया म्हणणार कोण? मी बसले तर मुलीकडचे कच्चे. त्या बसल्या तर ऑफिसरीणबाई कच्च्या.

"दमलात वाटतं?"
"छे हो! तुम्ही दमलात?"
"मी? मी रोज तीन जिने चढते."

अख्खा घाट हेच! ऊन असं की खडकावर पापड भाजावा.

माझी बाटली अर्ध्या वाटेतच संपली. त्यांनी वॉटरबॅग पुढे केली.

"नको. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी आम्हाला चालत नाही."
"अहो, मराल!"
"मरेन. रीत नाही मोडणार."

आणि चार पावलांवर मी मटकन खाली.

त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. शेजारच्या कातळात परातीएवढा खळगा होता. पदराने पुसला आणि अख्खी वॉटरबॅग त्यात ओतली.

"घ्या. आता हे महादेवाच्या डोंगराचं पाणी. आमच्या घरचं नाही. प्या गुपचूप."

ओंजळीत काही येईना. मी सरळ तोंड लावलं. काय गोड लागलं म्हणून सांगू!

डोळे उघडते तर शेजारी अजून एक तोंड. विहीणबाई!

"मग काय करू? मलाही तहान लागलीय, बॅग रिकामी झाली."

तेवढ्यात जावई शोधत परत आले. बघतात तर दोन्ही आया चार पायांवर.

"आई, हे काय चाललंय?"

त्या ओल्या तोंडाने म्हणाल्या, "नवस."

मी इतकी हसले, इतकी हसले की पोटात कळ आली. त्यांचंही हसू थांबेना. त्यातच विचारून टाकलं, "पोरीला पाडव्याला पाठवाल ना?"

"पाठवते. फक्त मला साडी देऊ नका."

वर भीमाशंकरला पोचलो तेव्हा आम्ही दोघी हात धरून. देवापुढे मागायला काही उरलंच नव्हतं.

पुढे तीस वर्षं भांडलो, पापड लाटले, नात वाढवली. प्रत्येक लग्नकार्यात त्या सगळ्यांना सांगायच्या, "घाटात ह्या बसल्या. मी नाही. मी फक्त पाणी ओतायला वाकले होते."

आज अंबरनाथला त्यांच्या फोटोला हार घातला. नातीने त्यांच्याच माठातलं पाणी दिलं, दोन ग्लास प्यायले.

विहीणबाई, खूप चाललात.
आता तरी बसा.
मी कुणाला सांगणार नाही.

तुमच्या विहिणीचा हसत हसत नमस्कार. 🙏