लुचीना, पण कोणती?

गावात कुणाला कळा सुरू झाल्या की लुचीनाला बोलावणं यायचं. सुईणीचं काम तिला येत नव्हतं. रक्त पाहिलं की भोवळच यायची. तिने फक्त उंबऱ्यात बसायचं, पाय न दुमडता, तळहात उघडे ठेवून, आणि घरातली एकूण एक गाठ सुटलीय ना ते बघायचं. लुचीना नावाची बाई दारात असली आणि घरात काही बांधलेलं, दुमडलेलं नसलं की मूल अडत नाही, असं रोमजवळच्या त्या डोंगरातल्या माणसांचं ठाम मत. एरवी ती चीजचे गोळे सुतळीत आवळून तुळईला टांगायची. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! गाठी सोडवणारीचं पोट गाठी मारण्यावर चालायचं.

नावाने तिला लहानपणापासून छळलं होतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लुचीना ही जुन्या रोमची देवी, बाळाला उजेडात आणणारी. नाव उजेडावरूनच पडलंय. बापाने ते उडवून लावलं. "उजेड कसला डोंबलाचा? नाव राईवरून पडलंय. देवी आपल्या ओकच्या झाडांच्या देवराईतली. तूही तिथंच जन्मलीस." पाद्रीबाबांनी दोघांनाही मोडीत काढलं. "संत लुचीना म्हण, पोरी. हुतात्म्यांची प्रेतं आपल्या जमिनीत पुरली तिने."

हे शेवटचं मनात रुतून बसलं. गेल्या हिवाळ्यात नवरा गेला तेव्हा ते आणखी खोल गेलं. त्या दिवशी डोक्यावरून हनुवटीखाली बांधलेला काळा रुमाल तिने चारचौघांत पुन्हा सोडला नाही. त्यानंतरचं हे पहिलंच बाळंतपण, आणि तेही पोटच्या पोरीचं.

एर्सिलिया सकाळपासून अडली होती. उन्हं कलली तरी सुटका नाही. जावई क्विरीनो बुटांच्या सुटलेल्या नाड्यांत अडखळत अंगणात येरझाऱ्या घालत होता.

"सासूबाई, पाय! पाय दुमडताय तुम्ही!"

"तू आधी धड चाल. पडून मेलास तर तुलाही मीच पुरायचं का?"

शब्द तोंडातून गेला आणि तिने जीभ चावली. आज दारात नक्की कोणती लुचीना बसलीय?

सुईण असुंता घामाघूम होऊन बाहेर आली. "डोकं दिसतंय आणि परत आत जातंय. कुठं गाठ राहिलीय का?"

"सगळ्या सोडल्या. पडदे, पोती, लसणाच्या वेण्या. शेळीचं दावंसुद्धा. ती तिकडं कोबी खातेय."

असुंताने तिच्या हनुवटीकडे बोट केलं. "आणि ही?"

लुचीनाचा हात रुमालावर गेला. "वर्षसुद्धा झालं नाही गं त्यांना. लोक काय म्हणतील?"

"लोक बाळंत होत नाहीयेत, लुचीना."

जन्मभर गाठी मारणारी ती बोटं गाठ उकलू लागली. गाठ आवळून पार दगड झाली होती. नवऱ्याला दुसऱ्यांदा निरोप देतोय असं वाटून तिला रडू फुटलं, पण ती ओढत राहिली. अखेर रुमाल सुटला आणि पांढरे केस खांद्यावर पडले.

आतून एक किंकाळी आली. मग काहीच नाही. आणि मग ते बारीक, चिडकं रडणं ऐकू आलं.

"मुलगी!" असुंता ओरडली.

लुचीना तशीच मोकळ्या केसांनी आत गेली. एर्सिलिया पुटपुटली, "आई, हिचं नाव लुचीना."

"नको गं बाई! कोणती लुचीना? उजेडातली, राईतली, की पुरणारी?"

एर्सिलियाने आईच्या केसांकडे पाहिलं.

"दारात बसलेली."