मराठी ऐकलं आणि खोली दिली

घर भाड्याने देणाऱ्यांना मी एकच सांगते: समोरचा कोणत्या भाषेत बोलतो, त्याला भुलू नका. आम्ही भुललो. काशीत मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं दुमजली घर. वर आम्ही दोघं, खालची खोली किरायेदाराला. यांची औषधं, घराची डागडुजी, सगळं त्या एका खोलीवर चालतं. विद्यार्थी असो की बँकेतला साहेब, आधी कचहरीतून करारनामा, पोलिसांकडे सत्यापन म्हणजे पडताळणी, मगच किल्ली. यात मी कुणाचं ऐकत नाही. आमचे हे मला ठाणेदारीण म्हणतात.

आणि मग एक दिवस विदर्भातली एक म्हातारी दारात उभी राहिली. बरोबर पुतण्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. काशीवासाला आली होती, म्हणजे मरेपर्यंत इथेच राहायला. "खोली मिळन का वं माय?" एवढंच म्हणाली. झालं! दिवसभर हिंदी ऐकून कंटाळलेले आमचे कान, त्या एका "माय"ने विरघळले. त्यात सासरची रीत अशी की, देह ठेवायला आलेल्या माणसाकडून सही-अंगठा घ्यायचा नाही, अशुभ असतं. मी किल्ली देऊन टाकली. मी, ठाणेदारीण!

पुतण्या तिला सोडून गेला. देवदिवाळीला परत आला, म्हणाला, "चार दिवस राहतो." राहिलाच. आधी त्याची पेटी आली, मग गॅस, मग दारावर त्याचं स्वतःचं कुलूप. एके दिवशी कोपऱ्यावरच्या चहावाल्याने मला थांबवलं, "भाभीजी, नीचे का मकान बेच दिया क्या? वो नया मीटर लगवाने को पूछ रहा था।" मी भाजी न घेताच घरी परतले.

कारण आमच्या गल्लीत हे झालेलं आहे. पलीकडच्या घराचा मालक आज मुलीकडे राहतो आणि किरायेदार त्याच्या ओट्यावर पाय पसरून बसतो. कब्जा हा शब्द आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही. मला जेवण जाईना. खाली हातोडीचा आवाज आला की वाटे, हा भिंत फोडतोय. यांना सांगावं तर यांचं हृदय नाजूक. देवापुढे बसले की एकच विचार, म्हातारी गेली तर हा इथून हलणार नाही. कुणाच्या मरणाला मी असं भ्यायले नव्हते, आणि तेही खोलीसाठी. शी!

शेवटी धीर करून खाली गेले. आवाज चढवला, "हे बघा, खोली काकूंना दिलीय, तुम्हाला नाही. तुम्ही आपली दुसरीकडे सोय बघा."

तो शांतपणे म्हणाला, "बरं. गंगेपलीकडे रामनगरला खोली पाहून ठेवलीय. काकूलाही नेतो. तिला इथे एकटी ठेवून काय करू?"

आत खाटेवर म्हातारी ऐकत होती. संध्याकाळी जिन्यावर धापा ऐकू आल्या. भिंतीला धरधरून ती वर आली होती, पहिल्यांदाच. दारातच बसली आणि माझा पदर घट्ट धरला.

"मले गंगेपलीकडे धाडू नको वं माय. तिथं मेली तर गाढवाचा जन्म येते म्हणतात."

"अहो मावशी, मी तुम्हाला कुठे जा म्हटलं?"

"तू काहीच लिहून घेतलं नाही माझ्याकडून. बाकीच्यायकडून घेतेस, मले ठाऊक हाय. म्हणून मले वाटे, हे आज ना उद्या काढतेच. जिन्यावर तुझं पाऊल वाजलं का माझा जीव धडधडे."

मी वर तिच्या पुतण्याला भीत होते आणि ती खाली मला. मला रडूच फुटलं.

दुसऱ्याच दिवशी यांना सगळं सांगितलं आणि कचहरीतून कागद करून आणला. खोली फक्त तिच्या नावावर, दुसऱ्या कुणाचा हक्क नाही, कुलूप बदलायचं नाही. तिच्या खाटेशी बसून मोठ्याने वाचून दाखवला. पुतण्या दारात उभा होता; त्याने मुकाट्याने आपलं कुलूप काढून माझ्या हातावर ठेवलं. मला सुटल्यासारखं झालं. शेवटची ओळ मी घाईघाईत वाचली, मुदत अकरा महिने, सगळ्यांच्या करारात असते तीच.

म्हातारीने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवायच्या आधी थांबली. माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "आन् अकरा महिन्यांत नाही मेली तं?"