हात न टेकता

पुण्याहून आलेल्या एक मॅडम जुन्नरच्या बाजारात, दुकानावरच्या खोलीत पिलाटीज नावाचा, चटईवर पडून करायचा व्यायाम शिकवायच्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी मला तिथं पाठवलं. घरी सून दिवसा आडवी पडलेली कुणाला खपायची नाही, आणि इथं भर दुपारी परक्या जागी उताणं पडायचं! निमगाव सावाहून येताना एसटीतच वाटायचं, उतरून माघारी फिरावं.

शेजारच्या चटईवर एक पन्नाशीची बाई असायची. नाव मी कधी विचारलं नाही. साडीच्या निऱ्या पायांत घट्ट दाबून ती आडवी व्हायची, पदर सारखा करायची आणि मान दाराकडे वळवून ठेवायची. मॅडम श्वास सोडायला सांगायच्या, तेव्हा ही नेमका रोखून धरायची.

हात न टेकता, एकेक मणका उचलत उठून बसायचं, हे आम्हाला कुणालाच जमेना.

एक दिवस खाली मोटारसायकल थांबली. ती बाई ताडकन उठून बसली, हात न टेकता, डोक्यावर पदर घेऊन. मागोमाग मी. पाहते तो सगळी खोली उठून बसलेली.

"अहो, हेच तर शिकवतेय मी!" मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

गाडी दुकानातल्या गिऱ्हाइकाची होती. परत आडवी होत ती पुटपुटली, "मामंजींना जाऊन लई वर्सं झाली बगा. पण गाडी वाजली की पाठ जमिनीला ऱ्हात न्हाई."

माझी कंबर आता बरी आहे. तसं उठणं मात्र अजून जमत नाही, मनातल्या मनात खाली एक गाडी थांबवल्याशिवाय.