दहावी गोळी

नवशिक्यांना मास्तरांचा पहिला धडा एकच असे: रायफलशी कुस्ती खेळायची नाही. पालथं झोपायचं, डावं कोपर रायफलच्या खाली घ्यायचं, गाल दस्त्याला टेकवायचा, अर्धा श्वास सोडायचा आणि चाप हळूहळू दाबत जायचा. बार कधी झाला ते दाबणाऱ्यालाच कळता कामा नये. तेवीस वर्षं ते नेमबाजी क्लबच्या रेंजवर हेच सांगत होते, न कंटाळता. ऐकणारे मात्र कंटाळत.

त्यांची एक खोड होती. शिकाऊ माणसाचं काडतूस ते स्वतः भरत आणि मधूनच गुपचूप वापरलेलं, रिकामं भरत. चाप दाबला की नुसतं 'टक्' वाजे, पण धक्क्याच्या भीतीनं नळी आधीच गचका खाऊन खाली गेलेली असे. चोरी उघडी. "नेम गोळीनं नाही, तुझ्या भीतीनं चुकतो," मास्तर म्हणत. भिंतीवर त्यांच्याच हस्ताक्षरात नियम होता: रायफलीत काय भरलंय याला नेमबाज जबाबदार. सबब चालणार नाही.

साठी उलटली तशी क्लबच्या कमिटीनं फर्मान काढलं. मास्तरांनी दहा गोळ्यांत शंभरपैकी ऐंशी गुण मिळवावेत, नाहीतर शिकवणं सोडून स्टोअर सांभाळावं. मास्तरांनी स्वतः नेम धरून सहा वर्षं झाली होती. शिकवणं गेलं तर आपण दुसरं काय करणार, हे त्यांना खरंच सुचत नव्हतं.

महिनाभर मुलगी त्यांच्या सरावाला आली. त्यांचा अंगठा आखडायचा, म्हणून काडतुसं ती भरायची. चौथ्या दिवशी तिनं बापाची युक्ती बापावरच चालवली. टक्. नळी खाली गेली.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," ती म्हणाली.

"पुढेही मधूनच रिकामं भरत जा. आणि मला सांगू नकोस," मास्तर ओशाळून म्हणाले.

ती भरत गेली. नळी दिवसेंदिवस कमी हलू लागली, पण हलायची.

चाचणीला कमिटीचे तिघे खुर्च्या टाकून बसले. नऊ गोळ्यांत अठ्ठ्याहत्तर झाले. उरलेले दोन गुण गोळी लक्ष्याच्या कडेजवळ लागली तरी मिळाले असते. मुलीनं दहावं काडतूस भरलं. मास्तरांनी अर्धा श्वास सोडला.

टक्.

महिन्याभराच्या सवयीनं तिच्या हातून रिकामं भरलं गेलं होतं. ती पांढरीफटक पडली. "चूक माझी आहे. बाबांना परत मारू द्या."

सेक्रेटरीही नरमला. "मारा हो मास्तर, त्यात काय!"

मास्तरांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "शून्य लिहा."

रायफलचा बोल्ट उघडा ठेवून ते उठले, गुडघे झटकले. वाईट वाटलं होतंच. मुलगी रडत दारापर्यंत मागे आली, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "नळी बघितलीस का?"

"बघितली."

"हलली?"

"केसभरही नाही, बाबा."

"मग झालं तर," मास्तर म्हणाले आणि स्टोअरची किल्ली मागायला ऑफिसात शिरले.