बायडाबाईच्या दारातली दोन कुत्री

वैशाखातला शुक्रवार, दुपारचे चार. लग्न दुसऱ्या दिवशी. स्थळ: मावळात बेडशाजवळ, माझ्या भावाच्या घरापुढचा मांडव. हजर: वहिनी, म्हणजे नवरीची आई. वहिनीची बहीण. शेजारच्या दोघी जावा. तळेगावहून आलेली मी, नवरीची आत्या. जात्यावर हळद दळायला आणि गाणी म्हणायला डोंगरवाडीवरची बायडाबाई. पाटावर माझी भाची, सोनल.

कोणाला कुठली साडी द्यायची ते विसरायला नको म्हणून ही यादी मी त्याच दिवशी केली होती. यादी बरोबर आहे. तिच्यात जे नाही ते मी आजवर नवऱ्याला सांगितलेलं नाही, जिला सगळं सांगते त्या मैत्रिणीला नाही, देवापुढे उभी राहून मनातल्या मनात पुटपुटलेसुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल.

पण सुरुवात चिकूपासून करावी लागेल.

चिकू आमचा कुत्रा. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला आणि जाताना हे पिल्लू माझ्या गळ्यात घालून गेला. रंगावरून नाव. दिवाळीनंतर त्याच्या कानामागे रुपयाएवढा चट्टा पडला, तिथले केस गेले, कडा लालसर. मग पुढच्या पायावर दुसरा. प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी चार केस उपटून तपासायला पाठवले आणि सांगितलं — गजकर्ण. माणसांना होतं तसलंच. कुत्र्याचं माणसाला लागतं, माणसाचं कुत्र्याला. बरं होतं, पण चिकाटी लागते.

चिकाटी माझ्याकडे आहे असं सगळे म्हणतात. मी एका कंपनीचं स्टोअर सांभाळते. काय आलं, काय गेलं, कशाची मुदत कधी संपते, सगळं माझ्या वहीत. मी फ्रिजवर तक्ता लावला. गोळी, जेवणानंतर. औषधी शांपू आठवड्यातून दोनदा, फेस दहा मिनिटं तसाच. अंथरूण उकळत्या पाण्यात. फरशी रोज ब्लीचने. सहा आठवड्यांच्या चौकटी आखल्या. तिसऱ्या आठवड्यात चट्टे भरून आले, कोवळे केस दिसायला लागले — आणि मी थांबले. लग्नाची खरेदी निघाली होती. चौकटींत मात्र शेवटपर्यंत बरोबरच्या खुणा करत गेले. रिकामी चौकट मला बघवत नाही. त्या तक्त्याचा फोटो डॉक्टरबाईंना पाठवला. त्यांनी शाबासकी दिली.

माघात परत उठलं. पूर्ण औषध होऊनही कसं उठलं, हे डॉक्टरबाईंना कळेना. त्यांनी जास्त कडक गोळी दिली. चिकू जेवेनासा झाला, ओकायला लागला, गॅलरीच्या जाळीला नाक लावून दिवसभर पडून राहायचा. ती गोळी त्याला माझ्या खोट्या खुणांमुळे मिळाली. पण हे तुम्हाला सांगायला मी बसले नाही. हे त्यातल्या त्यात सोपं होतं.

चैत्रात माझ्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला गोल उठला. टीव्ही बघताना चिकू तिथेच कान टेकून झोपतो.

मी काय केलं? मेडिकलमधून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गेली, लाली गेली. लावायचं सोडलं की चार दिवसांत दुप्पट. पुन्हा ट्यूब. डॉक्टरबाईंनी चिकूला तपासताना विचारलं, घरात कोणाला काही उठलंय का? मी म्हटलं, नाही, कोणालाच नाही. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून म्हटलं. त्यांना संशय आला असावा, कारण जाताना त्यांनी पुन्हा बजावलं — उठलंच तर टॉवेल वेगळा ठेवा, दुसऱ्याच्या अंगाला ती जागा लागू देऊ नका.

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढे गेल्यावर मी ते पुसट करीन.

का नाही सांगितलं? लाज — दुसरं काय? माझं घर म्हणजे आरसा, असं माहेरी बोललं जातं. कुत्रं घरात घेतलं तेव्हा भाऊ म्हणाला होता, "आता गोचिड्या पण वहीत लिहून ठेव." मी हसले होते, पण ते लागलं होतं. चिकूचे चट्टे मी त्यांना कधी कळू दिले नाहीत. कान भादरला तेव्हा सांगितलं, उन्हाळा आहे म्हणून.

आता तो शुक्रवार.

मी ठरवून गेले होते की साड्यांच्या गाठोड्यापाशी बसायचं, हिशेबाने आहेर द्यायचा, हळदीपासून लांब राहायचं. कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण वहिनीने मांडवातून हाक मारली, "वन्सं, या की. पैला हात आत्याचा."

तुम्ही सांगा, काय म्हणायचं? नवरा असलेली बाई भाचीच्या हळदीला हात लावत नाही — याला कारणं किती असतात? पाळी आली म्हणावं तर वय एक्कावन्न, ती कधीच थांबली, हे वहिनीला माहीत. रुसले म्हणावं तर लग्नघरात त्याची गोष्ट होणार. उरलं खरं कारण. ते सांगितलं असतं तर काय झालं असतं? बायका दोन मिनिटं कुजबुजल्या असत्या. बायडाबाईने गाण्यात माझं नाव गुंफून चेष्टा केली असती. एवढंच. आज एवढंच वाटतं. तेव्हा वाटलं, मांडवाला दारच नाही.

मी उठले. सकाळी भरलेला हिरवा चुडा मनगटापर्यंत ओढून घेतला. सोनलच्या गालांना हळद लावली, हातांना लावली, मग मानेला. मागून, केस वर धरून. बायडाबाई जात्यापाशी बसून गात होती, मध्येच थांबून म्हणाली, "आत्या काय मान सोडंना पोरीची. बांदून ठेवती का काय हितंच?" सगळ्या हसल्या. सोनलही हसली, तिची मान माझ्या मनगटाखाली हलली. चुडा वर सरकला होता. ते मला जाणवलं होतं. हात क्षणभर थांबलाही होता. मग ओघळलेली हळद मी माझ्याच रुमालाने टिपली — ज्याने दिवसभर मनगट पुसत होते, त्याच.

अडीच आठवड्यांनी सोनलच्या मानेवर गोल उठला. मग कानामागे, मग दंडावर.

तिचं सासर लोणावळ्यात. शनिवार-रविवारी बंगल्यांवर उतरणाऱ्या लोकांना जेवण पुरवतात. सगळं घर स्वयंपाकात. सून आली म्हणजे दोन हात वाढले, असा त्यांचा हिशेब. सासूने वेणी घालताना मान पाहिली. दुसऱ्या दिवसापासून सोनलचं ताट वेगळं, टॉवेल वेगळा, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. आठवड्याने सांगितलं, माहेरी जा, बरी झालीस की बघू. आणि एक वाक्य मध्यस्थामार्फत पोचवलं — लग्नाआधीपासूनचं होतं, लपवून दिली पोरगी.

लपवून. तो शब्द ऐकल्यावर मी काय करायला हवं होतं, हे तुम्हाला कळतं. मलाही कळत होतं.

वहिनीचा फोन आला. नेहमी मोठ्याने बोलणारी बाई, तिचा आवाज ऐकू येत नव्हता. "वन्सं, डाक्टर म्हनला, कुत्र्या-मांजराकडनं येतं हे. त्येंच्याकडं बी न्हाई, आमच्याकडं बी न्हाई. मग आलं कुटनं? उष्टी हळद त्येंच्याकडनंच आलती. पर पोरीकडच्यांनी तसं कसं बोलायचं?"

चिकू माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला होता. तिसऱ्यांदा उठलेले चट्टे, एक डोळ्याच्या अगदी वर.

मग वहिनीच म्हणाली, थोडी हसून, "तुमचा चिकू हाय. पर त्यो तर शांपूनं न्हातो. आमच्यापेक्षा सोवळा."

तिने दार उघडून दिलं होतं. मी फक्त "हो वहिनी, तोच" म्हणायचं होतं. मी म्हटलं —

"बायडाबाईच्या दारात दोन कुत्री असतात की."

त्या वाक्यात खोटं काहीच नाही. बायडाबाईच्या दारात दोन कुत्री होती. एक म्हातारं, पांढरट, एक लंगडं. मी फक्त खरं तेवढं बोलले, असं मी स्वतःला किती महिने सांगितलं असेल? पलीकडून वहिनी म्हणाली, "व्हय की. आन हळद तिनंच दळली."

पुढचं आपोआप झालं. भाऊ लोणावळ्याला जाऊन आला. त्याने व्याह्यांना सांगितलं, पोरगी निरोगी होती, हळद दळणाऱ्या वाडीवरच्या बाईकडून लागलं. त्यांना ते पटलं. पटणारच. सोनल औषधाने बरी झाली आणि सव्वा महिन्याने सासरी गेली. आज ती तिथला निम्मा स्वयंपाक सांभाळते. म्हणजे माझ्या वाक्याने तिचा संसार वाचला, असंही कोणी म्हणेल. मी म्हणून पाहिलं आहे. टिकत नाही. ती अडकली होती माझ्यामुळे, आणि सुटली बायडाबाईच्या नावावर.

भात लावणीला भावाने बायडाबाईला बोलावलं नाही. तुळशीच्या लग्नानंतर गावात दोन हळदी झाल्या. बायडाबाईच्या गळ्याशिवाय हळद उतरत नाही असं मानणारं गाव — दोन्ही वेळा मोबाइलवर गाणी लावली.

इकडे चिकूचं जाईना. डॉक्टरबाई शेवटी वैतागून म्हणाल्या, "हे परत परत येतंय म्हणजे तुमच्या घरात कुठंतरी त्याचं ठाणं आहे." मी गाद्या बदलल्या, पडदे धुतले, सोफ्याचं कापड काढून टाकलं. घरभर ब्लीचचा वास. नवरा म्हणाला, आता भिंती उकळायच्या राहिल्यात. ठाणं माझ्या बाहीत होतं. तोवर ते दंडापर्यंत चढलं होतं. 'कोणालाच नाही' हे एकदा बोललेलं वाक्य खोडायचं नाही म्हणून मुक्या जनावराला पाच महिने औषध पाजत होते.

शेवटी मी कातडीच्या डॉक्टरकडे गेले — तळेगाव स्टेशनवर कोणी विचारू नये म्हणून शेजारच्या घोरावाडी स्टेशनवरून गाडी पकडून. त्यांनी ट्यूब बघितली आणि सांगितलं, याने वरून दबतं, आतून पसरतं. या वेळी मी प्रत्येक चौकटीला खरी खूण केली. माझ्यासाठी आणि चिकूसाठी, दोघांचे तक्ते शेजारी शेजारी. त्याचे केस दोनदा तपासले, दोन्हीदा स्वच्छ.

हे सगळं चालू असताना, गौरींसाठी मी माहेरी गेले होते. बाही अजून पूर्णच होती. दुपारी अंगणाच्या कडेला बायडाबाई येऊन उभी राहिली. पूर्वी ती थेट ओटीवर यायची, चहाची वाटी स्वतः मागून घ्यायची. त्या दिवशी पेरूच्या झाडाशी थांबली. "ताई, वाईच येता का हिकडं?"

मी गेले. ती माझ्यापासून दोन हात लांब सरकली. मला लागू नये म्हणून.

म्हणाली, "माज्यापाई पोरीला लय तरास झाला. मला ठावं नव्हतं, ताई. माज्या अंगावर तर काय बी न्हाई, बगा." पदर सारून तिने दोन्ही हात पुढे केले. उन्हाने काळवंडलेले, स्वच्छ हात. "कुत्री सोडली दोनी. पवनेच्या पल्याड नेऊन सोडली. म्हातारं मागं मागं येत व्हतं, त्याला दगड मारला. तुमी राग धरू नका."

मी काय केलं, ते ऐका. यासाठीच एवढं लिहीत आले.

मी म्हटलं, "असू दे, बायडाबाई. मुद्दाम का कोणी करतं?"

मी तिला माफ केलं. बाहीखाली मलम लावलेला हात पाठीमागे धरून, मोठ्या मनाच्या बाईसारखं, मी तिला माफ केलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला बरं वाटलं. जाताना तिने विचारलं, "आता हळदीला बोलवत्याल का?"

"बघू," मी म्हटलं.

सोनलला सांगायचं आहे. वहिनीला सांगायचं आहे. पण आधी बायडाबाईला — तिच्या दारात जाऊन, उभ्याने, तिच्या वाडीतली माणसं ऐकतील अशा आवाजात. गेल्या रविवारी मी भावाकडे होते. तिथून वाडीवर चढायला अर्धा तास लागतो. अंगणातून तिचं पत्र्याचं छप्पर दिसतं. मी चपला घालून फाटकापर्यंत गेले. वहिनीने चहाला हाक मारली. मी परत फिरले, चहा घेतला, साडेचारला तळेगावला निघाले.

वाडीवर जायचं राहिलं आहे.