चार वाजून अडतीस मिनिटं

तारक्का गेल्याचं मला मुनियम्माने सांगितलं. सकाळचे सात वाजायचे होते. वर्तमानपत्र उचलायला मी फाटकाशी वाकलो होतो, मान वर केली तर समोर ती उभी. मुनियम्मा मल्लेश्वरमला आमच्या मार्केटच्या कोपऱ्यावर फुलं विकते. इतक्या वर्षांत टोपलीशिवाय मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "अक्का होदरु, अण्णा," एवढंच ती म्हणाली. अक्का गेल्या. न्यूमोनियाने नऊ दिवस त्या इस्पितळात होत्या. मी दोनदा जाऊन आलो होतो. दुसऱ्यांदा गेलो तो त्यांना एक गोष्ट सांगायचीच असं ठरवून. पण नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यातूनही त्यांनी मला हाताने खूण करून विचारलं, जेवलास का? मी मान हलवली, थोडा वेळ बसलो आणि उठून आलो... याला आता सात आठवडे झाले. तेव्हा सांगायचं राहिलं ते इथे लिहितो आहे.

तारक्कांचं शिवणाचं दुकान होतं. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. घराणं मराठी, पण इतक्या पिढ्या बेंगळूरात गेलेल्या की त्यांच्या मराठीत 'स्वल्प थांब' आणि 'सरी, बघू' असं कन्नड सहज येऊन जायचं. आमचंही घर तसंच, म्हणून नातं नसताना त्या माझ्या अक्का आणि मी त्यांचा श्रीधरा. दुकान दहा बाय बाराचं, मार्केटपासून चाळीस पावलांवर. त्याच्या मागे एक संडास होता. मार्केटमध्ये फुलं, भाजी, केळीची पानं विकणाऱ्या बायका दिवसभर तिथे यायच्या. मशीन न थांबवता अक्का मानेनेच 'जा' म्हणायच्या. दुसरी सोय नव्हती. ज्यांना अक्कांचं दुकान माहीत नव्हतं, त्या बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणीच प्यायच्या नाहीत. हे मला माहीत नव्हतं. मी त्याच मार्केटमधून वीस वर्षं भाजी आणत होतो.

पुढे ती इमारत पाडायची ठरली आणि घरमालकाने दुकान वर्षअखेर रिकामं करायला सांगितलं. "माझं काय, मी घरी मशीन टाकीन," अक्का म्हणाल्या. "ह्या बायका कुठे जातील?" त्याच सुमाराला आमच्या वॉर्डाच्या सल्लागार समितीसाठी रहिवाशांकडून अर्ज मागवले होते. पगार नाही, भत्ता नाही, महिन्यातून एका शनिवारी चार वाजता सभा. अक्कांनी दोन अर्ज आणले. एक स्वतःचा, एक माझा. माझी नोकरी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, मोजमाप विभागात. थर्मामीटर, वजनकाटे तपासायचे आणि बरोबर असतील तरच शिक्का मारायचा. असल्या सार्वजनिक कामाचा मला कंटाळा. मी म्हटलं, "अक्का, नुसता सल्ला द्यायचा आहे. ते ऐकतीलच असं नाही." त्या म्हणाल्या, "नवऱ्याला मी एकतीस वर्षं सल्लाच दिला रे. सवय आहे मला." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मी तिथे कळवळून बोलीन आणि ते चहा मागवतील. तू आकडा सांग. आकड्यासमोर माणसं गप्प बसतात."

आम्ही दोघंही निवडले गेलो. समितीत दहा जण. पहिल्याच सभेत वॉर्डाच्या इंजिनियरांनी कागदावर 'महिलांसाठी सुविधा' असं लिहिलं, तर अक्का म्हणाल्या, "सुविधा म्हणजे काय? बाकडं पण सुविधाच. संडास लिहा." सगळे हसले, पण त्यांनी तसं लिहिलं. किती बायकांना गरज आहे, हा प्रश्न मीच विचारला. अक्का म्हणाल्या, "खूप." मी म्हटलं, "खूप म्हणजे किती?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हा वजनकाटा मीच विकत घेतला ना." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मशीनशेजारी एक बरणी ठेवली. एक बाई मागे गेली की एक बटण बरणीत. संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर मी बटणं मोजायचो आणि वहीत लिहायचो. एकदा दोन बटणं जास्त निघाली, तर म्हणाल्या, "ती रत्नम्माची. तिला दिवस गेलेत, ती दुप्पट येते. ते पण लिही." सात दिवस मोजलं. सगळ्यात कमी सदतीस, सगळ्यात जास्त एकसष्ट. एवढ्या नीटपणे कुठल्याही सार्वजनिक कामाची मोजणी मी आजवर पाहिलेली नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

जुन्या पंपघराशेजारी दोन खोल्यांची जागा होती. ती मिळू शकेल असं इंजिनियरही म्हणाले. फक्त समितीचा ठराव हवा होता, आणि तो त्या महिन्याच्या सभेत, कारण लगेच पुढच्या आठवड्यात वर्षाच्या कामांची यादी वर जाणार होती. आमचा नियम असा, की सभेला किमान पाच सभासद हवेत आणि सभेच्या वेळेपासून अर्ध्या तासात पाच झाले नाहीत तर सभा रद्द. अक्का आठवडाभर एकेकाला फोन करत होत्या. दोघं गावाला, एक आजारी, दोघं नुसतेच 'बघतो' म्हणणारे. "चार नक्की आहेत," त्यांनी मला सांगितलं, "आणि पाचवा तू. तुझी मला काळजी नाही."

त्या शनिवारी मी वॉर्ड कार्यालयाच्या जिन्याशी चारला दहा कमी असताना पोचलो होतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. फोन मूक केला, सभेआधी मी नेहमी करतो, आणि पिशवीतून आमच्या मोजणीच्या तक्त्याच्या दहा प्रती काढून एकदा नजर फिरवली. गुरुवारसमोर एकोणपन्नास छापलं होतं. वहीत पाहिलं तर सत्तेचाळीस. दोन बायकांचा फरक. म्हणजे एकूण बेरीजही चूक. असा कागद मी कुणाच्या हातात देऊ शकत नव्हतो. पेनाने खोडून दुरुस्त करता आला असता, पण खाडाखोड केलेला तक्ता म्हणजे... मला ते जमत नाही. दोन गल्ल्या सोडून झेरॉक्सचं दुकान होतं. दहा मिनिटांचं काम, असं धरून मी गेलो. तिथे कॉलेजच्या मुलींची रांग, माझा तक्ता पुन्हा टाईप करायला एकच माणूस, त्यात मशीनमध्ये कागद अडकला. मला वाटलं, सभा कधी वेळेवर सुरू झाली आहे? अक्कांचे तीन फोन येऊन गेले होते, ते मी नंतर पाहिले.

वर गेलो तेव्हा चौघं टेबलाभोवती बसले होते. इंजिनियर फाईल बांधत होते, मला बघून थांबले. अध्यक्षांनी हजेरीचं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. त्यात सहीपुढे वेळेचा रकाना असतो. "बरीरि सार, नालकू इप्पत्तैदु," ते हळूच म्हणाले. लिहा साहेब, चार पंचवीस. इंजिनियर खिडकीबाहेर बघायला लागले. खोलीत कुणाचाच विरोध नव्हता, सगळ्यांनाच तो ठराव व्हायला हवा होता, हे मी मुद्दाम लिहितो. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मनगटावरचं पाहिलं आणि लिहिलं, चार वाजून अडतीस मिनिटं.

अध्यक्षांनी रजिस्टर मिटलं. मग इंजिनियर म्हणाले, "आता तुम्हीच लिहिलंत सर. माझे हात बांधले गेले." अध्यक्ष म्हणाले, "आठ मिनिटं हो... देवाने पण माफ केली असती." अक्कांनी चष्मा डबीत ठेवला आणि म्हणाल्या, "त्याला काही बोलू नका. खोटं लिहिणार नाही म्हणूनच मी त्याला आणला होता." रागाने म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. जिना उतरताना त्या मधल्या पायरीवर बसल्या, गुडघे धरून. मी शेजारी उभा. "मेट्रो अडकली होती का रे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो अक्का. यशवंतपूरला थांबली होती."

रजिस्टरात खरं लिहिलं आणि अक्कांना खोटं सांगितलं, तेही पाच मिनिटांच्या अंतराने. नव्या प्रती माझ्या पिशवीत होत्या. गुरुवार सत्तेचाळीस, बेरीज बिनचूक.

यादी ठरावाशिवाय वर गेली. पुढच्या महिन्यात आम्ही नऊ जण जमलो आणि ठराव एकमताने झाला, पण तो पुढच्या वर्षासाठी. पुढचं वर्ष यायच्या आत वॉर्डांच्या हद्दी बदलायचं निघालं आणि जुन्या समित्या थांबल्या. कधी पुन्हा सुरू होतील विचारलं, तर कळवू म्हणाले. डिसेंबरअखेर अक्कांनी दुकान रिकामं केलं. त्या दिवशी मी मशीन उचलायला गेलो होतो. मागच्या दाराला कुलूप लावताना त्या एवढंच म्हणाल्या, "मुनियम्मा आता पाणी प्यायचं सोडेल." माझी बायको मंगल घरी येताच म्हणाली, "आपल्या अंगणातला बाहेरचा संडास नुसता पडून आहे. त्यांना सांगा ना." मी सांगितलं. फाटक सकाळी आठ ते संध्याकाळी सात उघडं ठेवलं. मार्केटपासून आमचं घर चारशे बारा पावलं, मी मोजली आहेत. टोपली उघड्यावर टाकून कुठली बाई जाऊन-येऊन आठशे पावलं चालेल, असं मला वाटायचं. तरी बायका येत होत्या. थोड्या, पण येत होत्या. ते कसं, हा विचार मी केला नाही. मी फक्त संख्या पाहत होतो.

अक्का इस्पितळात गेल्या तेव्हापासून बायका कमी येत होत्या, त्या गेल्यावर यायच्याच थांबल्या. तीन दिवस एकही नाही, तेव्हा मी मुनियम्माला जाऊन विचारलं. ती गजरा बांधता बांधता म्हणाली, "टोपली कोण बघणार अण्णा? अक्का बसायच्या ना." दुकान सुटल्यापासून अक्का रोज दुपारी मार्केटमध्ये येऊन बसायच्या. एका बाईच्या टोपलीशी, ती परत आली की दुसरीच्या. गिऱ्हाईक आलं तर विकायच्या. अडुसष्टाव्या वर्षी, दम लागत असताना, पालथ्या क्रेटवर. मला त्यांनी हे कधी सांगितलं नाही. मीही त्या वेळी कारखान्यात असायचो, आणि शनिवारी, अर्ध्या दिवसाने सुटायचो तेव्हा, त्यांच्यासमोर जायचं टाळायचो.

अनेकदा स्वतःला विचारतो, पुन्हा तीच वेळ आली तर मी चार पंचवीस लिहीन का? प्रामाणिकपणे सांगायचं तर, नाही लिहिणार. हात वळणारच नाही. पण जिन्याशी उभा राहून मी ते एकोणपन्नास तसंच राहू दिलं असतं, तर कुणाचं काय बिघडलं असतं... दोन बायका जास्तच धरल्या गेल्या असत्या. याचं उत्तर देऊ शकणारं माणूस आता नाही.

गेले चार शनिवार मी मार्केटमध्ये बसतो. पहिल्या दिवशी मुनियम्मा हसली, मग उठून गेली. एक बाई दोन मोळ मल्लिगे, म्हणजे मोगऱ्याची माळ, मागायला आली. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. मी माझ्या हाताने मोजून दिली. मुनियम्मा परत आली, माळ किती उरली ते पाहिलं आणि म्हणाली, "तुमचा हात लांब आहे अण्णा, माझं नुकसान." मी म्हटलं, "बावीस मिनिटं लागली तुला." बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मुनियम्मा मात्र हसली नाही. तोंडावरून ओला हात फिरवत म्हणाली, "अक्का कधी घड्याळ बघत नव्हत्या."

मी मनगट शर्टाच्या बाहीत घेतलं. पलीकडे केळीची पानं विकणारी बाई उठून उभी राहिली होती, माझ्याकडे बघत. मी क्रेट उचलला आणि तिच्या जागेशी जाऊन बसलो.